गल्लीचा ग्रुप कसा उघडावा

साहित्य : चार्ज केलेला फोन, गल्लीतल्या नऊ-दहा घरांचे नंबर, आणि पाण्याच्या व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी राहणाऱ्या आजींशी बरे संबंध. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून तिची जुळवाजुळव आधी करावी.

पुंडलिकनगरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, ग्रुप गप्पांसाठी असतो. गप्पांसाठी दारातला कट्टा आहे, गजानन महाराज मंदिराचा चौक आहे. ग्रुप असतो तो एकाच प्रश्नासाठी : "नळ आले का?" आपलं पाणी पैठणजवळच्या जायकवाडीतून निघतं, जलवाहिन्यांतून शहरापर्यंत येतं, टाक्यांत विसावतं आणि मग गल्लीगल्लीला पाळीने सुटतं. दोन पाळ्यांमध्ये किती दिवस जातील ते कालनिर्णयात छापलेलं नसतं. उन्हाळ्यात आठवडा सहज उलटतो. हे एकदा ध्यानात घेतलं की ॲप निवडणं सोपं जातं.

मला ते उशिरा कळलं. मिक्सर घ्यायला निघाल्यासारखा मी सगळ्या ॲपांचे गुणदोष वहीत लिहून बसलो होतो. सिग्नलला गुप्ततेचे पैकीच्या पैकी गुण दिले. त्यामागच्या संस्थेला 2018 मध्ये 5 कोटी डॉलर देणारा ब्रायन ॲक्टन हा व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकीच एक. म्हणजे एक दुकान विकून त्याने समोरच्याच्या दुकानाला भांडवल दिलं. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या तेव्हा मी आणि शेजारचे निवृत्त गुरुजी तावातावाने सिग्नलवर गेलो. एकमेकांना 'नमस्कार' लिहिलं. ते दोन नमस्कार आजही तिथे आहेत, अत्यंत सुरक्षित.

टेलिग्रामच्या एका ग्रुपात 2 लाख माणसं मावतात. सगळं गारखेडा बसेल. पण त्यातल्या निम्म्यांनी 'आमच्याकडे नाही आले' लिहिलं, तर आपल्या गल्लीचं कसं कळायचं? शिवाय सिग्नल-व्हॉट्सॲपच्या ग्रुपला असतं तसं दोन्ही टोकांचं कुलूप तिथल्या ग्रुपला नसतं. गुप्ततेसाठी तिकडे धावलेल्यांना हे सांगितलं की राग येतो. झोहोचं अरट्टई 2021 पासून आहे, त्याची लाट आली 2025 च्या सप्टेंबरात. अरट्टई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. नाव गोड आहे. आमच्यातले काही जण हौसेने तिकडे गेले आणि पोचल्याचं त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवलं. स्काईप शोधत बसू नका, ते मे 2025 मध्ये मिटलं.

आता आजींकडे या. व्हॉल्व्हची चावी फिरल्याचा आवाज त्यांना झोपेतही कळतो. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. चावी फिरली की त्या माडीवर राहणाऱ्या सुनेला मिस्ड कॉल देतात, आणि सूनबाई ज्या ॲपवर 'आले' असं लिहितात, ते आपलं ॲप. सूनबाई व्हॉट्सॲपवर आहेत. झाली निवड. वही रद्दीत घातली.

ग्रुप उघडणं दोन मिनिटांचं काम आहे. नाव छोटं ठेवा; 'मित्रमंडळ', 'प्रतिष्ठान' असले शब्द आले की अध्यक्ष कोण हा प्रश्न लगेच निघतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात 1024 जण घेता येतात, आपल्याला चाळीस पुरे. यात भाडेकरूंना घ्यायला विसरू नका. मोटार बहुतेक वेळा तेच चालू करतात.

ॲडमिन व्हायला लोक कचरतात, उगाच. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगून टाकलं आहे की, सभासदाने काही वावगं टाकलं आणि त्यात ॲडमिनचं संगनमत नसेल, तर त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याच्या हाती मुळात अधिकार थोडे, मुख्यतः माणूस घेण्याचे आणि काढण्याचे. घेणं सोपं आहे. काढून मात्र बघा. मी एकदा रोज पहाटे गुलाबाचं फूल पाठवणाऱ्या काकांना काढलं होतं. आमची नळाची लाईन त्यांच्या अंगणातून येते हे मला सौभाग्यवतींनी संध्याकाळी सांगितलं. रात्री नऊच्या आत काका परत ग्रुपात होते, सोबत दोन फुलं. (फुलांचा प्रश्न फक्त आपला नाही. देशभरातल्या फोनांत 'शुभ सकाळ'ची चित्रं इतकी साठली की 2018 च्या सुमारास गुगलने ती शोधून पुसायची सोय स्वतःच्या एका ॲपमध्ये करून दिली.)

सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' असं एक बटण आहे. ते दाबलं की ग्रुपात देवळासारखी शांतता पसरते. मी दाबलं. तिसऱ्या दिवशी नळ आले. सूनबाई ॲडमिन नव्हत्या. आजींनी मिस्ड कॉल दिला, सूनबाईंनी 'आले' लिहिलं असतं, पण लिहायला जागाच नव्हती. त्या बिचाऱ्या जिन्यात उभं राहून ओरडल्या, ते चार घरांपर्यंत पोचलं. बाकीच्यांनी टँकर मागवला आणि पैशाचा हिशोब मला विचारला. तर, सूनबाईंना आधी ॲडमिन करा, मग शांततेचं बघा.

आपोआप नाहीसे होणारे मेसेज ही सोयही मोहात पाडते. मुदत तीन प्रकारची : 24 तास, 7 दिवस, 90 दिवस. मी सात दिवस ठेवले. नळ आठव्या दिवशी आले. मागच्या वेळी कधी आले होते यावर वाद पेटला तेव्हा पुरावा आदल्याच दिवशी विरघळलेला. 90 ठेवा.

एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मारून टाकलं. अशा अफवा त्या काळात फोनाफोनांतून धावत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो फार हातांतून आलेला आहे असं समजा. आमच्याकडे अशा मेसेजखाली एकच प्रश्न विचारायचा ठरलं आहे : "तुम्ही स्वतः बघितलं का?" तसंच, लग्नपत्रिका म्हणून एपीके प्रकारची फाइल आली तर लग्न कितीही जवळचं असो, उघडू नका. सहा आकडी कोड कोणी मागितला तर देऊ नका, मागणारा सख्खा मेव्हणा असला तरी. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच घाला. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन. आपल्या पुंडलिकनगर पोलीस ठाण्याला चालत जायचं ते त्यानंतर.

राहता राहिला व्हिडिओ कॉल. त्याची गरज टँकरच्या वर्गणीसाठी पडते, कारण वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे सगळे एका वेळी घरी कधीच नसतात. झूम फुकटात 40 मिनिटं देतं, गुगल मीट 60. आमचा अनुभव असा की पहिली 25 "आवाज येतोय का?" यात जातात. व्हॉट्सॲपवर घड्याळ नाही आणि 32 जण बसतात, म्हणून तेच.

फोन भिंतीला टेकवून उभा करा, खिडकी पाठीमागे नको, नाहीतर माणूस काळी बाहुली दिसतो. राऊटर लोखंडी कपाटाच्या मागून काढा. एका खोलीत दोन फोनांवरून बसू नका. फोन स्वतःच्या स्पीकरचा आवाज गाळून टाकतो, शेजारच्या फोनचा गाळता येत नाही. तोच आवाज फिरून फिरून शेवटी शिट्टी वाजते आणि गल्लीतल्या सगळ्यांना वाटतं की कुणाचा कुकर झाला. हा नियम आमच्याकडे एका खोलीपुरता पुरत नाही. घरं इतकी लागून आहेत की पलीकडच्या काकूंचं बोलणं आधी भिंतीतून ऐकू येतं आणि क्षणभराने फोनमधून. त्यांना "म्यूट करा" असं फोनमध्ये सांगितलं तर त्या भिंतीतून "का रे?" विचारतात.

परवाच्या रविवारी अकरा घरं कॉलवर होती, शिवाय पुण्यात नोकरी करणारा समोरच्या ताईंचा मुलगा. वर्गणी दर घरी की दर माणशी, एवढ्यावर आलो होतो. गुरुजी 'दर माणशी'च्या बाजूने बोलत होते. तेवढ्यात सूनबाईंच्या हातातला फोन एकदाच थरथरला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या चौकटीत रिकामी खुर्ची दिसू लागली. मग एकेक चौकट रिकामी होत गेली. कुठे पडदा, कुठे गणपतीचं कॅलेंडर. गुरुजींचं वाक्य अर्धंच राहिलं. भिंतीपलीकडे मोटार सुरू झाली.

ताईंचा फोन ओट्यावर उताणा पडलेला होता. त्यात नुसतं छत, आणि ड्रममध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आधी ढबढब, मग हळूहळू बारीक होत गेलेला. पुण्याचा मुलगा तेवढा कॉलवर राहिला होता. थोडा वेळ तो ऐकत बसला. मग ओरडला :

"आई, ड्रम भरत आला, नळी काढ!"