वाचनप्रेमी सरकार

नागरिकांच्या सुरक्षेची इतकी काळजी वाहणारं सरकार विरळाच. जुलै २०१९मध्ये कझाकस्तानच्या राजधानीतल्या मोबाइलधारकांना फोनमध्ये सरकारी ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ बसवायला सांगण्यात आलं. ते बसवलं की ब्राउझर सरकारलाच फेसबुक समजतो. मग मजकूर वाटेत उघडून, वाचून, पुन्हा नीट बंद करून पुढे धाडता येतो. चोरानं वाचण्याआधी जबाबदार माणसानं वाचलेलं केव्हाही बरं! याच न्यायानं घराच्या किल्ल्याही चौकीत जमा कराव्यात. घरफोडीचा प्रश्नच मिटेल. ऑगस्टमध्ये कळलं की ही तर नुसती चाचणी होती. गूगल, मोझिला, ॲपल या संशयी कंपन्यांनी मात्र ते प्रमाणपत्र बादच केलं. डिसेंबर २०२०मध्ये नवं प्रमाणपत्र आलं, ‘सायबर सरावा’साठी. योग्यच आहे. वाचनसंस्कृती टिकवायची तर सराव हवाच.