शिक्केवाले ओपा

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांच्या उत्तर पायथ्याला इल्सेनबुर्ग नावाचं लहानसं गाव आहे. इल्से नदीकाठची वाट जिथे जंगलात शिरते, तिथल्या वाहनतळावर रविवारी सकाळी नवाच्या आत ओपा येऊन उभे असतात. ओपा म्हणजे आजोबा. हे कुणा एकाचं नाव नव्हे. हार्त्सच्या गावोगावी, प्रत्येक वाहनतळावर असे एक ओपा असतातच. वय सत्तरीच्या पुढे, पोटऱ्या पंचविशीतल्या. अंगात लाल जाकीट. शेजारी ओमा, म्हणजे आजी, त्यांच्या अंगात तेच जाकीट एक माप लहान. गोचिडांच्या भीतीने विजार मोज्यांत खोचलेली. आणि छातीवरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली एक छोटी वही.

या वहीपायी ओपांच्या मुलाचं चार माणसांचं कुटुंब रविवारची झोप सोडून इथे आलेलं असतं.

हार्त्समध्ये २००६ पासून ‘हार्त्सर वांडरनाडल’ नावाचा एक प्रकार चालतो. डोंगरभर २२२ ठिकाणी लाकडी पेट्या बसवलेल्या आहेत: कड्यावर, पडक्या गढीपाशी, झऱ्याकाठी, रानातल्या खानावळीच्या दाराशी. प्रत्येक पेटीला क्रमांक, आत रबरी शिक्का आणि शाई. चालत जायचं, पेटी उघडायची, वहीतल्या त्या क्रमांकाच्या चौकोनात शिक्का मारायचा. ८ शिक्क्यांना कांस्य बिल्ला, १६ ला रौप्य, २४ ला सुवर्ण. ५० झाले की माणूस भटकंतीचा राजा होतो आणि २२२ भरले की थेट सम्राट. जर्मन लोकांनी १९१८ साली आपला कैसर घालवला. हार्त्सने तो शिक्क्यांच्या मोबदल्यात परत आणला. त्यामुळे इकडच्या गावांत सम्राट बेकरीच्या रांगेत सुट्टे पैसे मोजताना भेटतात.

लहान मुलांना मात्र ११ शिक्क्यांतच राजपुत्र किंवा राजकन्या होता येतं. हे कलम ओपांच्या फार उपयोगी पडतं. ‘मुलांसाठी करावं लागतं हो,’ असं ते वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ‘नाहीतर आजकालची मुलं चालतात कुठे?’ सात वर्षांची नात तेव्हा शंभर पावलं पुढे गेलेली असते आणि ओपा एका दगडावर बसून जुने शिक्के पुन्हा एकदा मोजत असतात.

बरोबर मुलगा असतो, सून असते, नात असते आणि सुनेच्या पाठीवरच्या झोळीखुर्चीत अकरा महिन्यांचा नातू असतो. वाट निवडायचं काम ओपांचं. ‘मुलाबाळांना झेपेल अशी’ याची त्यांची व्याख्या सोपी आहे: जी वाट त्यांना स्वतःला सहाव्या वर्षी झेपली, ती. मुलाने एकदा ‘बाबागाडी जाईल का?’ असं विचारलं होतं. ‘जाते,’ ओपा म्हणाले. बाबागाडी खरोखरच गेली. ढकलणारा पोचेल की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून नातू पाठीवर असतो.

सह्याद्रीत वाट विचारली तर गावकरी ‘ह्ये काय, हितंच’ म्हणतो आणि आपण दोन तास चालतो. ओपांना असं गोड खोटं जमत नाही. ‘अजून किती?’ असं नातीने विचारलं की ते पाटी बघतात, नकाशा बघतात, घड्याळ बघतात आणि म्हणतात, ‘१.८ किलोमीटर. चढ धरून ४० मिनिटं.’ नात तिथेच बसकण मारते. मग ओमा काहीही न बोलता पिशवीतून सफरचंदाची एक फोड काढतात. हार्त्सच्या चढावर आजवर जितकी मुलं वर पोचली, ती शिक्क्यांनी नव्हे तर ओमांच्या डब्याने पोचली. पण डब्याला बिल्ला देत नाहीत.

रानात आवाज चढला की ओपा बोट ओठांवर ठेवून ‘लिंक्स!’ म्हणतात. २००० सालापासून हार्त्समध्ये लिंक्स, म्हणजे तिथला रानमांजराचा मोठा चुलता, पुन्हा आणून सोडला आहे. या कुटुंबातल्या कुणालाही तो कधी दिसलेला नाही. पण त्याच्या नावावर दहा-दहा मिनिटं शांतता मिळते, तेव्हा सरकारचा पैसा सत्कारणी लागला असं सुनेचं मत आहे.

इल्सेची दरी खरोखर देखणी आहे. खाली बीचची झाडं, मधून दगडादगडांवरून उड्या मारणारं पाणी. याच दरीतून १८२४ साली कवी हाइनरिश हायने ब्रोकन शिखरावरून खाली उतरला आणि त्या प्रवासावर त्याने पुस्तकही लिहिलं. त्याच्या आधी, १७७७ च्या ऐन डिसेंबरात, गटे ब्रोकन चढून गेला होता. ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला अशी आपल्याकडे ज्याची ख्याती, तोच हा. ओपांना दोघांबद्दल आदर आहे. पण पुरावा म्हणाल तर दोघांच्याही वहीत एकही शिक्का नाही.

वर गेलं की मात्र ओपांचा चेहरा उतरतो. २०१८ पासूनच्या दुष्काळांनी आणि सालीखालच्या किड्याने हार्त्समधली स्प्रूसची झाडं डोंगरच्या डोंगर वाळवून टाकली. राष्ट्रीय उद्यानाचं धोरण असं, की मेलेलं झाड उभं असेल तर उभं, पडलं असेल तर पडलेलं राहू द्यावं. निसर्ग आपलं बघून घेईल. ज्या माणसाच्या अंगणात सरपणाच्या ओंडक्यांचीसुद्धा टोकं एका रेषेत असतात, त्याला हे बघवत नाही. पहिली दोन वर्षं ते दर रविवारी ‘निदान कुणी गोळा तरी करा रे!’ असं रानाला उद्देशून म्हणत. आता त्या करड्या खोडांमधून बर्च आणि रोवनची रोपटी वर आली आहेत. ओपा नातीला त्यांची नावं शिकवतात, पानं ओळखून दाखवायला लावतात. राग पूर्ण गेलेला नाही. रोपं रांगेत उगवत नाहीत.

पेटी दिसली की ओपांची चाल बदलते. पाठ ताठ होते. आधी ते बाजूला होऊन समोरच्याचं आटोपू देतात. मग पेटीचं झाकण उघडून आत वाकतात आणि शाई पारखतात. ती सुकलेली असली तर खिशातून स्वतःचा पॅड निघतो. शिक्का आधी एका चिटोऱ्यावर मारून पाहतात, मग वहीत; फुंकर घालतात; वही मिटायच्या आधी साठ सेकंद उघडी धरतात. या साठ सेकंदांत कड्यावरून सबंध मैदान दिसत असतं, गावाचे मनोरे दिसत असतात. सगळं कुटुंब ते बघतं. ओपा शाई बघतात. ब्रोकनवर तर वर्षातले सुमारे ३०० दिवस धुकं असतं. तिथे वर पोचून काहीच न दिसल्याने हळहळलेली माणसं पाहून ओपांना नवल वाटतं. शिक्का तर स्वच्छ दिसतोय!

ब्रोकनवर वाफेच्या इंजिनाची, १८९९ साली सुरू झालेली छोटी गाडीही जाते. तिच्यातून उतरून, चपला घालून पेटीकडे येणारी माणसं ओपांना सहन होत नाहीत. ते काही बोलत नाहीत, फक्त त्यांच्या पायांकडे बघतात. उलट वेर्निगेरोडच्या बेनो श्मिट यांच्याबद्दल, ज्यांना सगळे ‘ब्रोकन-बेनो’ म्हणत, त्यांचं मत गुंतागुंतीचं आहे. श्मिट तो एकच डोंगर आठ हजारांहून जास्त वेळा चढले. ‘मोठा माणूस,’ ओपा म्हणतात. आणि थोडं थांबून, ‘पण पेटी एकच.’

अकराच्या सुमाराला वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात नोकरीला असलेलं एखादं मराठी कुटुंब पेटीपाशी पोचतं. हातात चिवड्याचा डबा, पायात पळण्याचे बूट, पोरं ओरडत पुढे. ओपा त्यांचे बूट नापसंत करतात आणि जवळची कोरी जादा वही त्यांना देऊन टाकतात. त्या घरातल्या वडिलांनी व्हिसा, घराची नोंदणी आणि कर-क्रमांक यांपायी बऱ्याच कचेऱ्या पाहिलेल्या असतात. ते वही उलटसुलट करून भीत भीत विचारतात, ‘चालण्याआधी हे सादर कुठे करायचं?’

‘कुठेच नाही,’ ओपा म्हणतात. आणि एवढं बोलून, विचारलं नसताना, पुढचं सांगू लागतात.

इल्सेनबुर्ग पूर्व जर्मनीत होतं. ब्रोकन शिखर अगदी सीमेवर. १९६१ साली ते बंद झालं. माथ्याभोवती भिंत उभी राहिली, आत रशियन सैनिक आणि पलीकडचं बोलणं ऐकणारी यंत्रं. डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाने डोंगर २८ वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. सीमेलगत शिर्के नावाचं एक गाव आहे, आपल्या शिर्के मंडळींनी उगाच हुरळून जाऊ नये. तिथे मावशीला भेटायचं तर अर्ज, चौकशी आणि परवान्याच्या कागदावर शिक्का. शिक्का आधी, चालणं नंतर. पुष्कळदा शिक्काच नाही. मग ३ डिसेंबर १९८९ ला इल्सेनबुर्गची माणसं सरळ डोंगर चढून गेली आणि दार उघडा म्हणून भिंतीपाशी उभी राहिली. दार उघडलं. ओपा त्या गर्दीत होते. इल्सेनबुर्गमध्ये या वयाचा जो भेटेल तो त्या गर्दीत होता.

‘आता आधी चालायचं आणि शिक्का आपला आपण मारायचा,’ ओपा म्हणतात. मराठी वडील गंभीर होऊन मान डोलावतात. त्यांना वाटतं, गोष्ट संपली. पण ओपांच्या मनातली खरी सल पुढेच असते: पेट्या आल्या २००६ मध्ये, त्यामुळे ती १९८९ ची चढाई मोजली जात नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी चढाई, आणि वहीत चौकोन नाही. त्यांनी याबाबत कुणाकडे तक्रार केलेली नाही. नियम तो नियम.

नियमांवरून घरातही वाद आहे. झोळीत बसून आलेल्या नातवाला शिक्का द्यायचा का? सून म्हणते, द्यावा. बिचारा सगळीकडे येतो. ओपा म्हणतात, शिक्का पायांनी कमवायचा असतो. नातवाची वही म्हणून अजून कोरी आहे. सुनेने हळूच विचारून पाहिलं, की त्याला पाठीवर वागवणाऱ्या बाईला दोन मिळायला नकोत का? हा प्रश्न ओपा ऐकत नाहीत.

तर असे हे सगळे परवाच्या रविवारी इल्सेश्टाइनवर पोचले. दरीवर सरळ उभा असलेला हा ग्रॅनाइटचा कडा. त्याच्या पोटात इल्से नावाची राजकन्या राहते अशी दंतकथा आहे. नातीने शिक्का मारला. तो तिचा अकरावा. ओपांचे डोळे भरून आले, ओमांनी केक कापला, मुलाने फोटो काढले. मग ओपांनी नकाशा उघडला. पुढची पेटी प्लेसेनबुर्गच्या खानावळीपाशी, वाट रुंद, चढ किरकोळ.

नात दगडावरून उठली नाही. ‘मी आता राजकन्या झाले,’ ती म्हणाली. ‘राजकन्या चालत नाहीत.’

ओपांनी नियमावली आठवून पाहिली. यावर कलम नव्हतं. सफरचंद संपलेलं. लिंक्सला ती आता घाबरत नाही. शेवटी ओपांनी आपली सॅक मुलाकडे दिली, खाली बसले आणि राजकन्येला खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘गुटेन टाग’ म्हणत, घामाने निथळत त्यांनी ती सगळी वाट काढली. खानावळीचं छप्पर दिसलं, दाराशेजारची पेटी दिसली, तसे ते थांबले. मागे वळून सून अजून वळणापलीकडे आहे ना, एवढं पाहिलं. मग नातीला अलगद जमिनीवर उतरवून पुटपुटले, ‘आता वीस पावलं चाल. नाहीतर शिक्का मिळायचा नाही.’