पानिपतातून सुटलेला कोट

भाचीचा फोन आला. "मामा, रविवारी व्हिंटेज शॉपिंगला येतोस? आमचा सगळा ग्रुप आहे." मी लगेच हो म्हणालो. व्हिंटेज म्हणजे जुन्या मोटारी अशी माझी समजूत होती, आणि मोटारी नुसत्या बघायला पैसे पडत नाहीत.

डोंबिवली स्टेशनावर ग्रुप भेटला. मे महिना, त्यात मेगाब्लॉक, आणि भाची नखशिखान्त काळ्या मखमलीत. आमच्या घरात काळं नेसायला संक्रांत लागते, तीही हळदीकुंकवापुरती. हिची संक्रांत बारमाही. "मामा, हे गॉथ आहे. व्हिक्टोरियन मॉर्निंग वेअर," ती म्हणाली. मी घड्याळ पाहिलं, साडेअकरा वाजून गेले होते. तेव्हा खुलासा झाला की हे सकाळचं मॉर्निंग नव्हे, सुतकाचं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा 1861 साली वारला आणि बाईंनी पुढची चाळीस वर्षं, स्वतः जाईपर्यंत, काळं सोडलं नाही. बाईंच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण त्यांना मेमध्ये डोंबिवलीहून परळपर्यंत उभ्याने जायचं नव्हतं.

बरोबर आणखी दोघं होती. एका मुलीचा झालरींचा घेरदार फ्रॉक थेट जपानच्या हाराजुकूतल्या फॅशनचा. आत इतके पेटीकोट, की गाडीत ती चौथ्या सीटवर बसली आणि तिसऱ्या सीटवरच्या बाई आपणहून उठल्या. डोंबिवलीच्या इतिहासात चौथ्या सीटने तिसरी जिंकल्याची ही पहिलीच वेळ असावी. दुसरा मुलगा स्टीमपंक. डोक्यावर पितळी गॉगल, टोपीवर घड्याळाची पाच चाकं. वेळ तो मोबाइलवर बघत होता.

तिघांनी माझ्या सफारीकडे फार आदराने पाहिलं. सफारी 1989 ची, लग्नातली.

"अंकल, कुठून थ्रिफ्ट केलीत?"

"माझीच आहे. शिंप्याकडून शिवून घेतली."

"ओह. म्हणजे नवीन घेतली होती?" त्याच्या आवाजात एवढी करुणा होती की मी ओशाळलो. लग्नाला नवे कपडे शिवल्याची शरम मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

दुकान लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. दार लोखंडी, भिंतीचं प्लास्टर मुद्दाम खरवडलेलं. आमच्या चाळीत असं प्लास्टर निघालं की मालकाला नोटीस जायची. आत वास मात्र ओळखीचा होता: डांबरगोळ्यांचा.

सांगून ठेवतो, जुन्या कपड्यांच्या बाबतीत मी अडाणी नाही. आमच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी बोहारीण यायची. जुन्या कापडाची तिच्याएवढी कडक परीक्षा दुसरं कुणी घेत नसेल. ती शर्ट उजेडात धरायची, कॉलर उलटी करायची, काखेत बोट घालून बघायची, आणि "वहिनी, विरलाय हा" म्हणून बाजूला टाकायची. चार शर्ट आणि एक पँट दिल्यावर एक पातेलं निघे, तेही झाकणाशिवाय. या दुकानातली मुलगीही शर्ट उजेडात धरत होती, कॉलर उलटी करत होती. फरक इतकाच, की विरलेली जागा सापडली की किंमत वाढत होती. "सर, हे फेडिंग बघा. हे मशीनमध्ये येत नाही." भोकाला ती 'कॅरेक्टर' म्हणाली. आईने या शब्दासाठी पंचवीस वर्षं रफू केलं.

स्टीमपंकने एक लोकरी ओव्हरकोट अंगावर चढवला. युरोपातून आलेला, आठ हजारांचा. परदेशातले जुने लोकरी कपडे गाठोड्यांनी पानिपतला येतात. तिथे ते फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा करतात आणि त्या धाग्याची ब्लँकेटं विणतात. हा कोट त्या तावडीतून सुटला होता. पानिपतातून सहीसलामत निघालेलं काही मी प्रथमच पाहत होतो, म्हणून त्याला हात लावून घेतला. एसीतसुद्धा मुलाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण आठ हजार म्हटल्यावर कोटात त्याला जराही उकडेना.

आणि मग ती दिसली. काचेच्या कपाटात, स्वतंत्र दिव्याखाली. निळी डंगरी, गुडघ्यावर ठिगळ, खिशाला वंगणाचा डाग. चिठ्ठीवर 'अस्सल बॉम्बे मिल-वर्कर, 1982'. साडेसहा हजार.

डंगरी हा शब्द आपल्या डोंगरीचा. तिथल्या बाजारातलं जाडंभरडं कापड साहेब सतराव्या शतकापासून नेत होता. जाताना त्याने नावही नेलं आणि विलायती उच्चार लावून परत पाठवलं. इथवर ठीक. पण 1982? त्या वर्षी 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. भाचीने माहिती पुरवली की त्याच वर्षी लंडनच्या सोहोत बॅटकेव्ह नावाचा क्लब उघडला आणि गॉथ मंडळींना घर मिळालं. थोडक्यात, तिकडे हौसेने काळं घालायची सोय झाली तेव्हा इकडे गिरणगावात सुतक सुरू होतं.

दुकानातल्या मुलीला मी सांगितलं, "माझे वडील इथेच साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. सूत तुटू नये म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवत. डंगरी घालून साचे चालवावे लागले असते तर संप 1982 पर्यंत थांबला नसता. वडील हाफ पँट आणि बनियनवर काम करायचे."

मुलीचे डोळे चमकले. "सर, ती हाफ पँट आहे का अजून? आम्ही चांगली किंमत देऊ."

नाही. संपाच्या दुसऱ्या वर्षी आईने ती बोहारणीपुढे ठेवली होती. बोहारणीने दोनदा उजेडात धरून पाहिली आणि परत केली. मग आईने तिचं पोतेरं केलं. ते चार वर्षं टिकलं.