दहा बोरांचा काढा

सुमारे १८०० वर्षांपूर्वी, चीनमध्ये हान राजवट मोडकळीला आली होती तेव्हा, झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने सारखं रडू येणाऱ्या बायकांसाठी एक काढा लिहून ठेवला. ज्येष्ठमध, गहू आणि मोजून दहा बोरं. सहा मापं पाणी आटवून तीन करायचं आणि कोमट असतानाच तीनदा घ्यायचं. लक्षणांत वारंवार जांभया नि आळोखेपिळोखेही आहेत. त्या हिशेबाने भिटोनी स्टेशनवर दुपारच्या पॅसेंजरची वाट पाहणारे सगळेच उतारू रोगी ठरतील.

हे भिटोनी म्हणजे आमच्या मामीच्या गावाचं, शहपुऱ्याचं स्टेशन. इकडे ‘हवेली’ पद्धतीच्या शेतांत बांध घालून पावसाचं पाणी कोंडतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोडून देतात आणि त्या ओल्या काळ्या मातीत गहू, हरभरा, वाटाणा पेरतात. चिनी वैद्यांना मन काहीसं असंच दिसलं असावं. गिळलेल्या भावनांनी यकृतापाशी प्राणशक्ती तुंबते, तिला वाट करून द्यावी लागते, असं त्यांचं शास्त्र सांगतं. मामीचा बांध मात्र बारमाही. मुलं पुण्याला, मामा गेलेले. “घबराहट होते रे,” एवढंच म्हणते आणि पुन्हा वाटाणे सोलू लागते.

मी तिला काढ्याची कृती सांगितली. “हे औषध? मग आपल्या गव्हाच्या खिरीने काय पाप केलं?” तिने विचारलं. तरी बोरं धुतली. चिनी बोरं सुकवलेली, लाल, गोड. ही त्यांची आंबट चुलत भावंडं. ज्येष्ठमध मीच नको म्हटलं, कारण ते फार झालं तर रक्तदाब वाढतो आणि मामीची त्याची गोळी चालू आहे. काळजीवरच्या औषधाची अशी काळजी वाहून झाल्यावर पातेल्यात उरले गहू आणि बोरं.

पाणी आटायला चांगलाच वेळ लागला. तोवर मामी ओट्याशी उभी राहून वाटाण्याच्या पडलेल्या भावाबद्दल बोलली, मग धाकट्याच्या नोकरीबद्दल, मग, कधी नव्हे ते, मामांच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल. मधे पदराने डोळेही पुसले. ते लक्षणात धरायचं की गुण आला म्हणायचं, मला ठरवता येईना. तेवढ्यात तिने काढ्यात गुळाचा खडा ढकलला, पाठोपाठ खोबरं, आणि डबे धुंडाळत म्हणाली, “एवढा मोठा वैद्य, आणि वेलची लिहायला विसरला होय रे?”