सिवनीचे जंगल, मुक्काम लॉस एंजेलिस

जबलपूरहून नागपूरच्या वाटेवर किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या मोगलीच्या सिवनीचे जंगल लागते. तरीही डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनपटाची लाइव्ह-अ‍ॅक्शन आवृत्ती, म्हणजे हाडामांसाच्या नटांनिशी केलेला चित्रपट, २०१६ साली काढताना दिग्दर्शक जॉन फावरो यांनी हे जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभारले. हाडामांसाचा म्हणावा असा त्यात जवळपास एकटा मोगलीच होता, आणि तोही न्यूयॉर्कचा. किपलिंगच्या वानरांना राजाच नव्हता; डिस्नेने त्यांना ओरांगउटान राजा दिला, आणि तो प्राणी भारतात आढळत नाही हे ध्यानात आल्यावर फावरोंनी त्या जागी जायगँटोपिथेकस हा नामशेष महाकाय वानर बसवला, कारण वास्तवाचा आग्रह एकदा धरला की तो कोठे तरी पाळून दाखवावाच लागतो.

हिंदी आवृत्तीत शेरखान वाघाला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज मिळाला, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मात्र नव्वदच्या दशकात ज्या पोरांनी त्याच आवाजातला वाघ दूरदर्शनवरच्या मोगलीच्या मालिकेत मांडी घालून, कोणाच्याही देखरेखीविना पचवला, त्यांच्याच अपत्यांसाठी सेन्सॉर मंडळाने या चित्रपटास ‘यू/ए’ प्रमाणपत्र, म्हणजे तेव्हाच्या नियमाने बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा शेरा दिला.