एका व्यवहाराचं बहुमत

सामायिक तिजोरीच्या भांडणांवर संगणकवाल्यांनी काढलेला तोडगा असा: अध्यक्ष नको, खजिनदार नको, ज्याची जेवढी टोकन, तेवढी त्याची मतं, आणि ठरावाची अंमलबजावणी ब्लॉकचेनवरचा करारच करील. माणूस मध्ये आला की पैसे खातो, कोड खात नाही. हे मात्र खरं ठरलं. कोडने एक छदामही खाल्ला नाही.

एप्रिल 2022 मध्ये याच पद्धतीने चालणाऱ्या बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात एका अनामिकाने रीतसर ठराव टाकला. त्याचा मथितार्थ एवढाच, की तिजोरी मला द्या. नियमाप्रमाणे एक दिवस थांबला. (शिस्तीचा माणूस!) मग सुमारे शंभर कोटी डॉलर उसने घेतले, त्यातून दोन तृतीयांशांहून जास्त मतं मिळवली, ठराव मंजूर केला, माल उचलला, उसनवारी फेडली. सगळं एकाच व्यवहारात. आमच्या सहकारातल्या मुरब्बी मंडळींना बोगस सभासद नोंदवायला वर्षं लागतात.

प्रकल्प बुडाला सुमारे 18 कोटी डॉलरना. त्याने सोबत टाकलेल्या दुसऱ्या ठरावात म्हटल्याप्रमाणे युक्रेनला अडीच लाख डॉलरची देणगीही पोचली. मुदत पाळलेली, बहुमत स्पष्ट, आणि इतिवृत्तात खाडाखोड करण्याची सोय कुणालाच नाही.