मापाडी

असा एक जण तुमच्याही ओळखीत आहे, नाही म्हणू नका. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेत जॅक स्टँडवर चढवलेली गाडी, गवतावर आडवी पडलेली चाकं आणि मधोमध जुन्या पायजम्यात मांडी ठोकून बसलेला गृहस्थ. सोमवार ते शुक्रवार हाच माणूस बँकेच्या सॉफ्टवेअरवर जगतो आणि मीटिंगमध्ये अदबीने बोलतो. शनिवारी तुम्ही दूध आणायला निघालात की तो तुमच्या हातात टॉर्च देतो. "जरा धर. अर्ध्या तासाचं काम आहे." दूध मग रविवारी येतं.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या नमुन्याला आम्ही 'मापाडी' म्हणतो. मार्केट यार्डातला मापाडी निदान शेतकऱ्याचा माल मोजतो आणि घरी जातो. आमचा मापाडी समोर येईल ते मोजतो, कारण त्याच्याकडे मायक्रोमीटर आहे.

मायक्रोमीटर आला गाडीपायी. गाडी १९९४ची माझ्दा मियाटा. लाल रंग, दोन सीटा, छप्पर मागे दुमडणारं, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येणारे. सोलापुरात वडिलांच्या स्कूटरच्या ड्रम ब्रेकवर वाढलेल्या या माणसाला चारही चाकांना डिस्क असलेली स्पोर्ट्स कार मिळाली, तेव्हा त्याने पहिल्या दिवशी ती पळवली नाही. चाक काढलं आणि रोटरची, म्हणजे त्या डिस्कची, जाडी पाहिली. पुढचा रोटर नवा असताना २० मिलिमीटर, आणि १८च्या खाली गेला की बाद. हा आकडा रोटरच्या अंगावरच ठोकलेला असतो. जुन्या मालकाने तो १८.४०वर आणून ठेवला होता.

इथे एखाद्या शहाण्याने व्हर्नियर काढून दाखवावा. मापाडी उसळतोच. रोटर झिजतो तो ब्रेकचा पॅड घासतो तेवढ्याच पट्ट्यात. काठाला पॅड पोचत नाही, तिथे गंजाची कडा उभी राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि रोटर आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. "म्हणजे व्हर्नियर तुला खोटं सांगतो, तू विश्वास ठेवतोस, आणि मग पार्कवेवर मरतोस." माणूस मरायला हा हायवेच का निवडेल, हे विचारायची सोय नाही.

तर मायक्रोमीटर. पंचवीस मिलिमीटरपर्यंत काहीही मोजतो, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत. वर्षातून एकदा रोटर मोजून झाल्यावर उरलेले दिवस या यंत्राने काय करायचं? पहिला बळी पोळी. "दीड," तो ताटावरून म्हणाला. भाकरी चार. वहिनींच्या बांगड्या, मुलाच्या शाळेची वही, माझ्या चपलेची टाच. टाच मोजल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच आठवड्यात नवी चप्पल घेतली. बेसनाचे लाडू वाचले ते केवळ पंचवीसच्या वर असल्यामुळे.

आणि प्रत्येक वस्तूला एक 'मिनिमम' असतं, हा त्याचा सिद्धांत. अंगाचा साबण सहाच्या खाली गेला की बाद. वहिनी तोच तुकडा नव्या साबणाला चिकटवतात. त्यावर त्याचं म्हणणं, "दोन बाद रोटर वेल्ड करून एक चांगला होत नाही." गणपतीत एका घरी उकडीचा मोदक फोडून त्याने पारी मोजली. एका बाजूला १.९, दुसऱ्या बाजूला २.६. यजमानीण बाई समोरच उभ्या. "जाडीत फरक आहे," तो शांतपणे म्हणाला, "रोटर असता तर पेडल थरथरलं असतं." त्या घरचं आमंत्रण तेव्हापासून वहिनींना एकटीला येतं.

आता खरी गंमत सांगतो. हा माणूस कैक वर्षं रोटर बाद होण्याची वाट पाहत होता. दर वसंतात, रस्त्यावरचं हिवाळ्याचं मीठ पावसाने धुऊन गेलं की चाक काढायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. १८.३१. १८.२४. १८.१५. नवे रोटर खोक्यात येऊन पडलेले. तेही नीट पाहून, कारण सुरुवातीच्या १.६ लिटरच्या मियाटाचे पुढचे रोटर २३५ मिलिमीटरचे आणि ९४पासूनच्या १.८ लिटरचे २५५चे. न बघता मागवणाऱ्यांबद्दल त्याच्याकडे वेगळं भाषण आहे. पण १८च्या वर असताना बदलणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. "१८ म्हणजे १८." यंदा सकाळी साडेसातला फोन आला. आवाज असा की मी विचारलं, मुलगा झाला की मुलगी. "सतरा अठ्ठ्याण्णव!" तो म्हणाला.

मी टॉर्च धरायला गेलो.

पॅड दाबणारा कॅलिपर सुटला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने वर टांगायचा. त्यासाठी कपड्याचा हँगर वाकवला तरी चालतो. मापाडीने खास आकडे विकत घेतले होते. घरी काम केल्याने मजुरी किती वाचली आणि हत्यारं केवढ्याची आली, याचा हिशेब वहिनींकडे लेखी आहे, पण त्या तो दिवाळीसाठी राखून ठेवतात. मग रोटर ओढला. हलला नाही. तीस वर्षांचा गंज. "ठोकायचं नाही, समजूत काढायची," असं म्हणून त्याने तेल मारलं आणि पाऊण तास ठोकलं. पलीकडचे म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बाहेर आले आणि कुत्र्याने त्यांना परत आत नेलं.

तेल मुरेपर्यंत इतिहास. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्रज इंजिनिअर लँचेस्टरचं, १९०२चं. पण त्याने पॅडला तांबं लावलं होतं आणि ते भयंकर किंचाळायचं. डिस्कचे दिवस खरे आले १९५३ साली, जग्वारने ल मानची शर्यत जिंकली तेव्हा. बाकीचे वळणाच्या खूप आधी ब्रेक दाबत होते, जग्वारवाले उशिरा. "म्हणजे कळलं का? जो नीट थांबू शकतो, तोच जोरात जाऊ शकतो." हे वाक्य तो दरवर्षी म्हणतो, आणि टॉर्च हलतो म्हणून मला रागावतो.

रोटर शेवटी निघाला. मग मागच्या चाकांची पाळी. मागच्या कॅलिपरचा पिस्टन मात्र नुसता दाबून आत जात नाही, कारण हँडब्रेक त्याच्याच पोटात असतो. मागचा बोल्ट काढायचा आणि आतला स्क्रू चार मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने उलटा फिरवायचा. पाच नंबरची होती, तीन नंबरची होती, चार नंबरची कुठल्या तरी पोराने नेली होती.

ही 'पोरं' कोण, ते त्या दिवशी कळलं. मी की शोधायला गॅरेजमध्ये गेलो. मागच्या भिंतीशी जुने रोटर उतरंडीने रचलेले, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं. लातूर २१.३. मिरज १९.८. अकोला, अकोला, चिपळूण. दरवर्षी मास्टर्स करायला पोरं येतात, कुणाची तरी पाचव्या हातची कोरोला घेतात आणि रात्री पिझ्झा पोचवत हिंडतात. न्यू जर्सी राज्याने २०१०पासून खासगी गाड्यांचे ब्रेक वगैरे तपासणं सोडून दिलंय, आता धुरापुरती तपासणी उरली आहे. तेव्हा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हा पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन हिंडतो. चाकाच्या आऱ्यांमधून पॅड बघतो आणि वायपरखाली चिठ्ठी ठेवतो: 'शनिवारी गाडी घेऊन ये. मिनिमम गेलंय.' आम्हाला वाटायचं, हा गाड्या चोरणार तरी आहे किंवा याला नाटक आवडत नाही. पोरांकडून तो पैसे घेत नाही, जुने रोटर ठेवून घेतो. पोरांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, जाडी राहते. अकोल्याच्या त्या दोघांच्या आयांना ठाऊकही नसेल की कुणी एक चक्रम माणूस त्यांच्या लेकरांच्या वतीने न्यू जर्सीत चिडलेला असतो.

मी हे त्याला बोललो नाही. लगेच खुलासा सुरू झाला असता.

रोटरांच्या शेजारच्या फडताळात मोजमापांची वही होती. जाडीच्या शेजारी मैल लिहिलेले. एका वसंतापासून दुसऱ्यापर्यंत गाडी फिरली होती जेमतेम पेट्रोल पंपापर्यंत. म्हणजे ते रोटर ब्रेक दाबून झिजलेच नव्हते. उभ्या गाडीवर गंज चढायचा, वर्षातून एकदा पॅड तो खरवडायचे, आणि अशी ती जुन्या मालकाने ठेवलेली उरलीसुरली जाडी संपली होती. थांबण्याची एवढी जय्यत तयारी केलेल्या या माणसाला जायला कुठे मिळालंच नव्हतं. आठवडाभर हायब्रिड आणि ऑफिस, शनिवारी पोरांच्या कोरोला.

दुपारी सगळं बसलं. पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं, म्हणून जागेवरच पंप मारून घ्यायचं. मग नवे पॅड आणि रोटर एकमेकांना सरावायला हवेत: वेग घ्यायचा, ब्रेक जोरात दाबायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, आणि पुन्हा. रॅरिटन सेंटरमधल्या गोदामांच्या रिकाम्या रस्त्यांवर त्याने हे इतक्या मन लावून केलं की पट्ट्याचा वळ माझ्या खांद्यावर उमटला. नंतरचा नियम: ब्रेक थंड होईस्तोवर गाडी चालती ठेवायची, तापलेल्या रोटरवर पॅड दाबून उभं राहायचं नाही. दहा मिनिटं पुरतात.

तो गार्डन स्टेट पार्कवेला लागला. छप्पर उघडं. या रस्त्यावर दक्षिणेकडे एक्झिटचे आकडे घटत जातात. १२७. ११७. १०५. "थंड झाले असतील," मी म्हणालो. "अजून नाही," तो म्हणाला. ९८ गेला. हा १८पर्यंत नेतो की काय, असं वाटायला लागलं. केस उडत होते, समुद्राचा वास येत होता, आणि मापाडी पहिल्यांदाच काही न मोजता गप्प होता.

८२ला फोन वाजला. वहिनी.

"कुठे आहात?"

"ब्रेक अजून गरम आहेत गं."

"आमटीही होती."